कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीच्या नोकरीसाठी फोनवरची मुलाखत: कोल्हापुरातून तयारी करणाऱ्यांसाठी

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी विभागासाठी अर्ज करणाऱ्यांची कंपनीशी पहिली गाठ बहुतेक वेळा फोनवरच पडते. मी या फेऱ्यांतून गेले आहे आणि पुढे त्याच प्रकारच्या विभागात काम करताना उमेदवारांना फोनवर प्रश्नही विचारले आहेत. उत्तम विचार करणारे अनेक उमेदवार पहिल्याच फोनला गळतात, आणि त्याचे मुख्य कारण असे की त्यांच्या विचारांची मांडणी ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही. समोरासमोर बसल्यावर कागदावर आकृती काढता येते, समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो कंटाळला आहे की गोंधळला आहे हे कळते. फोनवर यातले काहीच नसल्यामुळे सगळी मांडणी कानावाटेच पोहोचवावी लागते. खालच्या बहुतेक सूचना या एका अडचणीभोवती फिरतात.

१. हे काम नेमके कोणते, ते आधी समजून घ्या

कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी विभाग साधारणपणे कंपनीचे भांडवल कुठे घालायचे आणि कुठून काढायचे याचा विचार करतो. नव्या बाजारात जायचे का, नवी क्षमता स्वतः उभारायची, दुसरी कंपनी विकत घ्यायची की कोणाशी भागीदारी करायची, तोट्यातला विभाग किती काळ सांभाळायचा, असे प्रश्न त्याच्याकडे येतात. वार्षिक नियोजन, स्पर्धकांवर लक्ष ठेवणे आणि संचालक मंडळासाठी सादरीकरणे तयार करणे हेही त्याच कामात मोडते. सल्लागार कंपनीतील माणूस अहवाल देऊन पुढच्या कामाला लागतो, पण इथे दिलेल्या सल्ल्याचे परिणाम तुम्हाला त्याच इमारतीत बसून पाहायचे असतात. म्हणूनच ‘आमचीच कंपनी का?’ हा प्रश्न इथे औपचारिकता म्हणून विचारला जात नाही.

पदनामाला भुलू नका. ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द जोडलेल्या काही जागांवर प्रत्यक्षात विक्रीचे मासिक अहवाल तयार करण्याचे काम असते. ते काम कमी दर्जाचे नाही, पण तुम्हाला हवे आहे ते हेच का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावे. हा विभाग कोणाला अहवाल देतो आणि मागच्या वर्षभरात त्याने कोणत्या प्रकारचे निर्णय हाताळले, या दोन प्रश्नांतून बऱ्याच गोष्टी उघड होतात.

२. हाताशी ठेवायची कागदपत्रे

फोन येण्याच्या आदल्या दिवशी खालील गोष्टी छापून किंवा लिहून टेबलावर ठेवाव्यात. संगणकाच्या पडद्यावर शोधाशोध केली की कळफलकाचा आवाज पलीकडे स्पष्ट ऐकू जातो, म्हणून कागदच बरा.

– पाठवलेल्या बायोडेटाची तीच प्रत. नंतर सुधारलेली प्रत चालणार नाही, कारण प्रश्न पहिल्या प्रतीवरून येतात.
– नोकरीच्या जाहिरातीची किंवा कामाच्या वर्णनाची छापील प्रत. जाहिरात संकेतस्थळावरून कधीही काढली जाते, म्हणून अर्ज केल्या दिवशीच ती जतन करावी.
– कंपनीच्या शेवटच्या दोन वार्षिक अहवालांतून काढलेले एक पानाचे टिपण.
– सध्याच्या पगाराची फोड (निश्चित रक्कम, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, भविष्य निर्वाह निधी) आणि नोटीस कालावधी.
– स्वतःच्या कामातील चार-पाच प्रसंगांची यादी, प्रत्येकासमोर एखाद-दुसरा आकडा.
– कोरे कागद आणि दोन पेने.

लिहून ठेवलेली पूर्ण उत्तरे मात्र जवळ ठेवू नयेत. वाचून दाखवलेले उत्तर पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते.

३. कंपनीचा अभ्यास मूळ कागदांवरून करा

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचे वार्षिक अहवाल, तिमाही सादरीकरणे आणि विश्लेषकांबरोबर झालेल्या चर्चेचा लिखित वृत्तान्त शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतो. यातील चर्चेचा वृत्तान्त सर्वांत मोलाचा असतो. व्यवस्थापनाला अवघड प्रश्न कोणते विचारले गेले, कोणत्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली, गेल्या वर्षी सांगितलेले या वर्षी किती पूर्ण झाले, हे त्यात दिसते. वार्षिक अहवालात व्यवसाय-विभागांनुसार विक्री, नफा आणि गुंतवलेले भांडवल वेगळे दिलेले असते. कोणत्या विभागात पैसा ओतला जातो आहे आणि नफा कोणता विभाग देतो आहे, ही तुलना स्वतः केली असेल तर तुमच्या बोलण्याला वजन येते.

दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली म्हणजे एकट्या कंपनीचे आणि उपकंपन्यांसह एकत्रित असे दोन वेगळे ताळेबंद असतात, त्यांतील आकडे एकमेकांत मिसळू नयेत. दुसरी म्हणजे भारतीय कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जाते, पण परदेशी मूळ कंपनीचे वर्ष अनेकदा जानेवारीपासून असते, त्यामुळे ‘पहिली तिमाही’ म्हणताना कोणते महिने अभिप्रेत आहेत ते पाहून घ्यावे.

कंपनी शेअर बाजारात नसेल, तर क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या पतमानांकन संस्थांची टिपणे पाहावीत. कंपनीने बँकेच्या कर्जासाठी मानांकन घेतलेले असल्यास त्या टिपणात तिची बलस्थाने, जोखीम आणि कर्जाची स्थिती थोडक्यात मिळते. फार थोडे उमेदवार तिथपर्यंत पोहोचतात.

४. आपल्या भागातील एक उद्योग आकड्यांसह तयार ठेवा

‘तुम्ही जवळून पाहिलेल्या एखाद्या व्यवसायाबद्दल सांगा’ असा प्रश्न फार वेळा येतो. त्यावर कोल्हापूरचे उमेदवार एखाद्या जगप्रसिद्ध अमेरिकी कंपनीची गोष्ट सांगतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री (धातू ओतण्याचे कारखाने), हुपरीची चांदी, इचलकरंजीचे यंत्रमाग, सहकारी दूध संघ आणि साखर कारखाने इतके सगळे आपल्या दारात आहे. मुंबईत बसलेल्या मुलाखतकाराला यातले फारसे माहीत नसते, म्हणून तो कान देऊन ऐकतो.

उदाहरण म्हणून साखर कारखाना घ्या. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, २०१८–१९ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे २७५ रुपये होता, तो २०२५–२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये झाला. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केल्यानंतर वर्षानुवर्षे तिथेच राहिला. शिवाय ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि साखर वर्षभर विकली जाते, त्यामुळे खेळत्या भांडवलासाठी कर्ज घ्यावे लागते. यातून वाट काढण्यासाठी कारखान्यांनी इथेनॉलचे प्रकल्प उभारले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी ते उठवले. कच्चा माल, पक्का माल आणि पर्यायी उत्पादन या तिन्हींच्या बाबतीत सरकारचा शब्द चालत असेल, तर अशा धंद्यात कर्ज काढून किती क्षमता उभारावी? हा अस्सल स्ट्रॅटेजीचा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही चार वाक्यांत मांडू शकलात तर मुलाखतकार पुढचे दहा मिनिटे त्यावरच बोलत बसेल.

५. जागा, फोन आणि घरची मंडळी

अभ्यासिकेत शांतता असते, पण तिथे बोलता येत नाही. रंकाळ्याच्या काठावर वाऱ्याचा आवाज फोनमध्ये घुसतो. घरातील आतली, पडदे आणि गादी असलेली खोली सर्वांत चांगली, कारण रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत वेळ ठरवायची असेल, तर मंडळाच्या डॉल्बीचा विचार करून सकाळची वेळ मागावी किंवा शाहूपुरी-राजारामपुरी भागात एखाद्या परिचिताचे कार्यालय तासाभरासाठी मागून घ्यावे. घरच्यांना वेळ आधी सांगून ठेवावी आणि कुकर, मिक्सर, दारावरची घंटा यांची व्यवस्था त्यांच्याशी बोलूनच करावी.

फोन पूर्ण चार्ज केलेला असावा आणि कॉल वेटिंगची सोय तेवढ्यापुरती बंद ठेवावी, म्हणजे मध्येच दुसऱ्या फोनची टूं-टूं होत नाही. स्पीकरवर बोलू नये. तार असलेला साधा इअरफोन ब्लूटूथपेक्षा भरवशाचा. त्याच खोलीतून, त्याच फोनवरून मित्राशी दहा मिनिटे बोलून आवाज तुटतो का ते तपासावे. घरात नेटवर्क कमकुवत असेल आणि वाय-फाय चांगले असेल, तर वाय-फाय कॉलिंग सुरू करावे, पण वीज गेल्यास राउटर बंद पडतो हे लक्षात ठेवून त्या दिवशी परिसरात दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे का, ते पाहावे.

६. एचआरचा पहिला फोन

हा फोन बहुधा छोटा असतो आणि पुष्कळदा न सांगता येतो. बसमध्ये किंवा बाजारात असताना आला, तर तारांबळ करत बोलण्यापेक्षा ‘मी आत्ता प्रवासात आहे, अर्ध्या तासाने मीच फोन केला तर चालेल का?’ असे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने कोणी उमेदवार बाद करत नाही. अनोळखी क्रमांकावर फोनने ‘स्पॅम’ असा शिक्का दाखवला, तरी अर्ज केल्यानंतरच्या काळात तो उचलावा.

या फोनवर सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस कालावधी आणि शहर बदलण्याची तयारी विचारली जाते. पगाराचा आकडा खरा सांगावा, कारण पुढे कागदपत्रे मागितली जातात. अपेक्षेबद्दल एकच आकडा देण्यापेक्षा ‘या पदासाठी तुमची ठरलेली मर्यादा कळली तर मला नीट सांगता येईल’ असे विचारणे रास्त आहे.

मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘परत मिळणाऱ्या ठेवी’ म्हणून कोणी पैसे मागितले, ओटीपी मागितला किंवा एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले, तर तो फोन तिथेच बंद करावा. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

७. केस: फोनवरच्या मुलाखतीचा गाभा

दुसऱ्या फोनवर विभागातील कोणीतरी व्यवसायाचा एखादा प्रश्न देते आणि तो तुमच्याकडून मोठ्याने सोडवून घेते. यालाच केस म्हणतात. बरोबर उत्तरापेक्षा तिथवर कसे पोहोचलात हे इथे जास्त पाहिले जाते, आणि फोनवर ते ऐकू येईल अशा रीतीने पोहोचावे लागते.

समजा प्रश्न असा आहे (कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, मशीनिंग म्हणजे तो यंत्रावर कापून-घासून नेमक्या मापाचा करणे): ‘कोल्हापूरची एक फाउंड्री वर्षाला १०,००० टन कास्टिंग बनवून किलोला १०० रुपयांनी विकते. मशीनिंग सध्या ग्राहक बाहेरून करून घेतात. फाउंड्रीने २४ कोटी रुपये घालून स्वतःचे मशीन शॉप उभारावे का?’

सर्वप्रथम प्रश्न तुमच्या शब्दांत परत सांगा आणि आकडे वाचून दाखवा. फोनवर इंग्रजीतील थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात, त्यामुळे ‘वन-फाइव्ह’ असे सुटे अंक उच्चारून खात्री करून घ्यावी. त्यानंतर मालकाचे उद्दिष्ट विचारा. नफा वाढवायचा आहे, की मोठा ग्राहक निसटू नये म्हणून हे करायचे आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

मग विचार करायला वेळ मागून घ्या. फोनवरची शांतता लाइन तुटल्यासारखी वाटते, म्हणून गप्प बसण्याआधी ‘मला एक मिनिट द्या, मी कागदावर मांडते’ असे सांगणे आवश्यक आहे. मिनिट संपले की आधी संख्या सांगा आणि मग नावे: ‘मी तीन गोष्टी पाहणार आहे. एक, ग्राहकाची मागणी. दोन, पैशाचे गणित. तीन, हे काम चालवण्याची आपली क्षमता. दुसऱ्यापासून सुरुवात करू का?’ ऐकणारा आपल्या वहीत एक, दोन, तीन लिहितो आणि पुढचे प्रत्येक वाक्य त्या चौकटीत बसवतो. नंतर एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना ‘पैशाचे गणित झाले, आता ग्राहकाकडे वळते’ असे प्रत्येक वेळी म्हणावे. लिहिताना ते पाल्हाळ वाटेल, पण कानाला त्याची गरज असते.

गणितही बोलून दाखवायचे. तयार भागाचा दर तुम्ही विचारलात आणि मुलाखतकाराने तो सांगितला असे धरा. ‘मशीनिंग केलेला भाग १४० रुपये किलोने जातो असे तुम्ही सांगितलेत. हा दर कच्च्या कास्टिंगच्या वजनावर आहे की तयार भागाच्या?’ हा प्रश्न विचारणारा उमेदवार कारखाना पाहिलेला आहे हे लगेच कळते, कारण मशीनिंगमध्ये वजन घटते आणि निघालेला किस पुन्हा भट्टीत जातो. कच्च्या वजनावर असल्याचे उत्तर आले, तर पुढे चला: ‘पहिल्या टप्प्यात ३० टक्के माल, म्हणजे ३,००० टन, मशीनिंग करून विकला असे धरते. किलोला ४० रुपये जास्त मिळाले, म्हणजे वर्षाला १२ कोटी. त्यातील ६० टक्के हत्यारे, मजुरी आणि विजेवर गेले असे धरले, तर ४ कोटी ८० लाख उरतात. २४ कोटी फिटायला व्याज आणि कर धरण्याआधीच पाच वर्षे लागतील.’ इथे थांबून विचारा: ‘हा अंदाज तुम्हाला पटतो का, की ६० टक्क्यांचा आकडा तपासू?’

लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन यांची सांगड आधीच पक्की असू द्या. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. बहुराष्ट्रीय कंपनीचा मुलाखतकार मध्येच एककं बदलतो आणि शून्यांची चूक तिथेच होते.

आकडे झाल्यावर केवळ पाच वर्षांवर निर्णय सोडू नका. वाहन उद्योगातील ग्राहक नव्या पुरवठादाराच्या तयार भागाला मंजुरी देण्यास वेळ लावतात, त्यामुळे पहिले वर्ष जवळपास रिकामे जाऊ शकते. तयार मालाचा साठा आणि उधारी दोन्ही वाढतात. शिवाय शिरोली परिसरात मशीन शॉप चालवणारे आधीच असताना, त्यांच्यापैकी एकाशी जॉब वर्कचा (आपला माल त्यांच्याकडून मजुरीवर करून घेण्याचा) दीर्घ करार केला तर २४ कोटींचा मोठा भाग वाचू शकतो. स्वतः उभारणे, विकत घेणे आणि भागीदारी करणे हे तिन्ही पर्याय तुम्ही न विचारता पुढे आणलेत, तर तुम्हाला हे काम समजते याची खात्री पटते.

शेवट शिफारशीने करावा, आणि शिफारस पहिल्या वाक्यात: ‘मी आत्ता पूर्ण मशीन शॉप उभारू नये असे सुचवेन. आधी एका मोठ्या ग्राहकाच्या एका भागासाठी जॉब वर्कवर सुरुवात करावी आणि त्याची मंजुरी व मागणी पक्की झाल्यावर गुंतवणूक करावी.’ त्यानंतर दोन कारणे आणि एक जोखीम. दुसरा उमेदवार नेमके उलटे सुचवूनही उत्तीर्ण होऊ शकतो.

काही वेळा केसऐवजी अंदाजाचा प्रश्न येतो, जसे ‘कोल्हापूर शहरात रोज किती लिटर पिशवीतले दूध विकले जाते?’ २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. आज सहा लाख धरा, घरटी चार माणसे म्हणजे दीड लाख घरे, घरटी एक लिटर म्हणजे दीड लाख लिटर. त्यातून गवळ्याकडून आणि गंगावेशीतल्यासारख्या दूध कट्ट्यांवरून घेतले जाणारे दूध वजा करायला हवे आणि हॉटेले व चहाच्या गाड्या मिळवायला हव्यात. प्रत्येक गृहीतक उच्चारून सांगितले की मुलाखतकाराला हवे ते दुरुस्त करता येते.

फाइव्ह फोर्सेस किंवा अ‍ॅन्सॉफसारख्या पुस्तकी चौकटींची नावे घेणे टाळावे. मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये मांडलेली फाइव्ह फोर्सेसची चौकट आजही विचाराला उपयोगी पडते, पण फोनवर पाच बाबींची यादी ऐकताना समोरचा माणूस तिसऱ्या बाबीलाच हरवतो.

८. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना

प्रत्येक प्रसंग दीड मिनिटात संपवावा: अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केले, त्यातून काय बदलले. ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांत फरक ठेवावा, कारण संघाचे काम ऐकल्यावर तुमचा वाटा कोणता हा प्रश्न येणारच.

सध्याच्या कंपनीचे प्रसिद्ध न झालेले आकडे, बोलणी चालू असलेले व्यवहार किंवा ग्राहकांची नावे सांगू नयेत. ज्या विभागासाठी तुम्ही अर्ज करत आहात, त्याला विलीनीकरणासारख्या गोष्टी बाजाराला कळण्याच्या कितीतरी आधी कळतात. तुमच्या तोंडून जुन्या कंपनीचे गुपित ऐकलेला मुलाखतकार तुम्हाला तिथे बसवणार नाही. ‘आकडा सांगता येणार नाही, पण वाढ साधारण दुपटीची होती’ इतके पुरते.

इंग्रजी उच्चारांची चिंता कोल्हापूरच्या मुलामुलींना फार सतावते. उच्चार बदलण्याचा खटाटोप करू नये. वेग कमी करावा आणि वाक्ये छोटी ठेवावीत. रोज एक केस मोठ्याने सोडवून ती फोनवर ध्वनिमुद्रित करावी आणि कागद न पाहता ऐकावी. आपली आपल्यालाच मांडणी कळली नाही, तर कुठे तुटली ते नेमके सापडते.

९. फोन ठेवण्यापूर्वी आणि नंतर

तुमचे दोन प्रश्न तयार असावेत, आणि ते अहवालातून उगवलेले असावेत. ‘गेल्या दोन वर्षांत अमुक विभागात भांडवल वाढले पण परतावा घटला, त्याकडे तुमचा विभाग कसा पाहतो?’ असा प्रश्न ‘कंपनीचे वातावरण कसे आहे?’ यापेक्षा कितीतरी चांगला.

फोन ठेवल्यावर लगेच विचारलेले प्रश्न लिहून काढा, कारण पुढच्या फेरीत त्यातलाच एखादा धागा पुन्हा ओढला जातो. त्याच दिवशी चार ओळींचा आभाराचा ई-मेल पाठवा. केसमधील एखादे गणित नंतर चुकल्याचे लक्षात आले, तर त्यात एका वाक्यात दुरुस्ती कळवायला हरकत नाही. सांगितलेली मुदत उलटून गेल्यावर एकदा विनम्र चौकशी करावी. रोज फोन करू नये.

पुढची फेरी व्हिडिओवर आहे की प्रत्यक्ष, आणि प्रत्यक्ष असल्यास प्रवासखर्च कंपनी देते का, हे फोन ठेवण्यापूर्वीच विचारून घ्या. मुंबईला जायचे असेल, तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण ऐनवेळी मिळत नाही, म्हणून किमान आठवडाभर आधीची तारीख मागावी.